पिन बसते म्हणून खुपसू नये

गिटारची पिन अडॅप्टर लावून लॅपटॉपच्या भोकात घातली, की आवाज येतो. सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. आवाज आलाच नसता, तर माणसाने चार ठिकाणी चौकशी तरी केली असती. पण येतो, दबका, कोंडलेला, मध्येच फाटणारा. मग आधी गिटारला नावं ठेवली जातात, नंतर लॅपटॉपला, शेवटी स्वतःच्या बोटांना, आणि गिटार पलंगाखाली जाते. नाशकात अशा पलंगाखालच्या गिटारी किती असतील याचा मला बरा अंदाज आहे. त्या बाहेर काढायची वेळ आली की मला फोन येतो.

मी सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला होतो. भट्टीचं तापमान, टाकीतला दाब, पाइपातला प्रवाह जिथं मोजायचा तिथून कंट्रोल रूमपर्यंत वायरवरून बिनचूक आणायचा, हे आमचं काम. संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार. गणपती, नवरात्र, कालिका यात्रेच्या दिवसांतले कार्यक्रम, लग्नांच्या हळदी. दिवसा आणि रात्री माझं दुखणं एकच होतं : सिग्नल दुबळा, वायर लांब आणि भोवती मोटारी, चोक, डिमर यांचा गोंगाट. त्यामुळे इंदिरानगरच्या भाचीने नवं डिजिटल पेडल घेतलं, त्याच्याशी बरीच झटापट केली आणि फोनवर म्हणाली, "मामा, आवाज येतोय, पण तो माझा वाटत नाही," तेव्हा मी एवढंच विचारलं, "कुठल्या भोकातून कुठल्या भोकात?"

"पेडलच्या हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात."

निदान फोनवरच झालं.

आधी गिटारच्या वायरवरून काय जातं ते बघू. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली जो पिकअप असतो, तो म्हणजे चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. किती? हळू वाजवलं तर व्होल्टचा दहावा भाग, जोरात झोडपलं तर एखादा व्होल्ट. ही वीज फार अशक्त असते. पुढच्या यंत्राने तिच्याकडून जास्त करंट ओढला, की सगळ्यात आधी आवाजातली धार जाते. म्हणून गिटारसाठी केलेल्या इनपुटचा विरोध मुद्दाम प्रचंड ठेवतात, साधारण दहा लाख ओहम. अकूस्टिक गिटारच्या पुलाखाली बसवलेला पिएझो पिकअप तर याहून नाजूक. त्यातल्या बऱ्याच गिटारींत सेलवर चालणारा प्रीअँप असतो, म्हणून ते चालून जातं.

लॅपटॉपचं माइकचं भोक मात्र हेडफोनला लटकणाऱ्या चिमुकल्या माइकसाठी बनवलेलं असतं. त्याची अपेक्षा असते व्होल्टच्या हजाराव्या भागांची. त्याचा विरोध काही हजार ओहम, आणि वर ते त्या माइकला चालवायला स्वतःकडून दोन-चार व्होल्ट बाहेर पाठवत असतं. तिथं गिटार जोडली की धार मरते आणि जोरात वाजवलं की आवाज फाटतो. त्यात विंडोज आपल्या परीने मदत करायला जाते. ऑनलाइन मीटिंगमधला गोंगाट कमी करणारी तिची सोय चालू असेल, तर लांबवलेला सूर तिला पंख्याची घरघर वाटते आणि ती तो निम्म्यावर छाटून टाकते. भाचीच्या गिटारचे सूर असे मधूनच का मरत होते, ते तिला त्या दिवशी कळलं.

नुसत्या गिटारला यावर उपाय म्हणजे ऑडिओ इंटरफेस नावाची डबी. फोकसराइट, बेहरिंजर, एम-ऑडिओ, स्टाइनबर्ग अशा कंपन्यांच्या मिळतात, साधारण पाचेक हजारांपासून पुढे. तिला पी-३८, म्हणजे गिटारच्या जाड पिनचं भोक असतं आणि शेजारी 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय-झेड' असं बटण. ते दाबलं की दहा लाख ओहम मिळतात. ते बटण न दाबताच महिनोन् महिने रेकॉर्डिंग करणारी मंडळी मला माहीत आहेत.

पण ज्यांच्याकडे डिजिटल पेडल किंवा डिजिटल अँप आहे, त्यांच्याकडे ही डबी बहुधा आधीच असते. ती त्या यंत्राच्या पोटात असते आणि मागच्या बाजूचं यूएसबीचं भोक ही तिची वाट. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते भोक कधी वापरलेलंच नसतं.

डिजिटल पेडलच्या पोटात काय चालतं? गिटारची वीज आत आली की पहिल्याच टप्प्याला सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजली जाते आणि तिचे आकडे होतात. माणसाचा कान जास्तीत जास्त २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि एखादी कंपनसंख्या पकडायची तर तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं, म्हणून हे आकडे. पुढचं सगळं गणित. अमुक अँपची व्हॉल्व्ह कशी फाटते, तमुक स्पीकरचा बॉक्स कुठले सूर गिळतो, हे एक चिप आकड्यांवर प्रक्रिया करून दाखवते. हे तंत्र नवं नाही. रोलँडने १९९५ मध्ये असं 'व्हीजी-८' काढलं. लाइन ६ कंपनीने १९९८ मध्ये घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचं लाल 'पॉड' काढलं आणि घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांच्या टेबलावर ते पसरलं. त्याआधी आम्ही ऑर्केस्ट्रावाले दोघांनी मिळून उचलायचा अँप आणि नऊ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालणारी पेडलांची माळ घेऊन टेम्पोत चढायचो. खरं सांगतो, त्या अँपची मला अजिबात आठवण येत नाही. पाठीला येते.

आता भाचीचा मार्ग मोजा. गिटारची वीज पेडलमध्ये गेली, आकडे झाले. हेडफोनच्या भोकातून बाहेर येताना आकड्यांची पुन्हा वीज झाली. लॅपटॉपच्या भोकात शिरल्यावर त्या विजेचे पुन्हा आकडे झाले, आणि तेही मीटिंगसाठी बनवलेल्या स्वस्त चिपकडून. झेरॉक्सची झेरॉक्स. यूएसबीने जोडलं तर पेडलमध्ये एकदा झालेले आकडे तसेच्या तसे लॅपटॉपमध्ये उतरतात. मधे विजेचा सिग्नलच नसतो, त्यामुळे पातळी चुकण्याचा, धार मरण्याचा प्रश्नही नसतो. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे : गिटारच्या विजेचे आकडे एकदाच व्हावेत, शक्य तितक्या लवकर व्हावेत, आणि ते कुठे झाले हे वाजवणाऱ्याला माहीत असावं. चांगल्या यंत्रांतून दोनदा रूपांतर झालं तरी कानाला फरक कळणार नाही, हे मला मान्य आहे. पण प्रत्येक जादा भोक म्हणजे चुकायची एक जादा जागा.

काही स्वस्त पेडलांचं यूएसबी फक्त सॉफ्टवेअर अपडेटपुरतं असतं, त्यातून आवाज जात नाही. विकत घेण्याआधी पुस्तिकेत 'यूएसबी ऑडिओ' हे शब्द शोधा. नसतील तर पेडलचं मोठं आउटपुट इंटरफेसच्या लाइन इनपुटला द्या, आणि तेव्हा ते 'इन्स्ट्रुमेंट' बटण बंद ठेवा.

यूएसबीच्या वायरीनेही लोकांना छळलेलं आहे. मोबाइलच्या दुकानातून घेतलेली स्वस्त वायर पुष्कळदा फक्त चार्जिंगची असते. तिच्यात डेटाच्या दोन तारा नसतातच. पेडलचा दिवा लागतो आणि लॅपटॉपला त्याचा पत्ता नसतो. पेडलचं भोक चौकोनी असेल तर प्रिंटरची वायर चालते, आणि ती डेटाचीच असते. पाच मीटरच्या वर जाऊ नका, स्वस्त हबमधून नेऊ नका, थेट लॅपटॉपला लावा.

वायर लावली की विंडोजवर कंपनीचा ड्रायव्हर टाकायचा, तोही कंपनीच्या संकेतस्थळावरून. मॅकवर बरीच यंत्रं नुसती जोडली की चालतात. ड्रायव्हर टाकताना 'एएसआयओ' हे नाव दिसेल. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९७ मध्ये ही पद्धत आणली. विंडोजच्या आवाजाच्या सगळ्या मधल्या पायऱ्या टाळून रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणि यंत्र यांची सरळ गाठ घालून देणं हे तिचं काम. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तेच नाव निवडायचं. आणि मग एक गंमत होते. सिस्टिमचा आवाजही पेडलकडे वळतो, लॅपटॉपचे स्पीकर गप्प होतात आणि लोक घाबरतात. भाचीची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, यूट्यूबवर कीर्तन लावायला गेली तर आवाज कुठेच नाही. तो पेडलच्या हेडफोनमधून येत होता. तसाच यायला हवा, कारण आता लॅपटॉपचं साउंड कार्ड ते पेडलच आहे.

इथं मिडीचा गोंधळही मिटवून टाकतो. पेडलच्या मागे कधी कधी पाच टाचण्यांचं गोल भोक असतं, त्यावर 'मिडी' लिहिलेलं. त्यातून आवाज कधीच जात नाही. जातात त्या सूचना. कुठला सूर, किती जोरात, कुठला पॅच, म्हणजे साठवलेला आवाज. मिडी आलं १९८३ मध्ये. रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेतले डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एका वायरवर बोलू लागली. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत चरणजीत सिंह या माणसाने, जो सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांत गिटार वाजवायचा, रोलँडची तीन यंत्रं एका तालात बांधून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि एचएमव्हीने ती तबकडी काढली. तेव्हा तिची फारशी दखल कुणी घेतली नाही. पुढे पंचवीस-तीस वर्षांनी परदेशातल्या इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्यांनी ती उचलून धरली. आज तुमच्या पेडलची एकच यूएसबी वायर आवाजही नेते आणि मिडीच्या सूचनाही, म्हणून लोकांना दोन्ही एकच वाटतात.

आता उशीर. गिटारची तार छेडली आणि हेडफोनमध्ये सूर जरा मागून आला, ही दुसऱ्या नंबरची तक्रार. लॅपटॉप प्रत्येक आकडा आला की लगेच हाताळत बसत नाही. तो थोडे आकडे साठवतो आणि गठ्ठ्याने उचलतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. बफर १,०२४ आकड्यांचा आणि वेग सेकंदाला ४८,००० असेल, तर एक गठ्ठा भरायला २१ मिलिसेकंद लागतात. आत जाताना तेवढे, बाहेर येताना तेवढे, वर इतर किरकोळ. झाले पंचेचाळीसच्या आसपास. आवाज हवेतून एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद घेतो. म्हणजे तुमचा अँप पंधरा मीटर लांब ठेवून तुम्ही वाजवताय. स्टेजवर अँप माझ्या मागे तीन मीटरवर असायचा, नऊ मिलिसेकंद, आणि ऑर्केस्ट्रातल्या कुणीही कधी कुरकुर केली नाही. पंधरा मीटरवर ताल राखून दाखवा.

बफर १२८ वर आणला तर गठ्ठा पावणेतीन मिलिसेकंदांत भरतो. पण जुना लॅपटॉप तेवढ्या घाईत कामं उरकू शकत नाही आणि आवाजात तडतड सुरू होते. मग लोक नवा लॅपटॉप बघायला निघतात. थांबा. डिजिटल पेडल असेल तर हा प्रश्न मुळातच सोडवता येतो. तुमचा आवाज पेडलच्या पोटात तयार होतोय, तो तिथूनच ऐका. लॅपटॉपपर्यंत जाऊन परत येणारा आवाज ऐकायचं कारणच नाही. सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा, हेडफोन पेडलला लावा, बफर खुशाल १,०२४ ठेवा. पेडलचा आणि सॉफ्टवेअरचा, दोन्ही आवाज चालू राहिले तर प्रत्येक सूर दोनदा ऐकू येतो. एकदा ताजा, एकदा मागून. भाचीला तो एको पेडलमधला वाटत होता आणि ती पेडलचे सगळे एको बंद करत बसली होती.

ब्लूटूथचे हेडफोन या कामाला नकोत. त्यांचा उशीर सहज दीडशे-दोनशे मिलिसेकंद असतो.

आणि आता माझा आवडता विषय : हुम्म. गिटार हातात नाही, कुणी काही वाजवत नाही, आणि हेडफोनमध्ये एक सूर अखंड चालू. आपली वीज ५० हर्ट्झची. अडॅप्टरमध्ये तिचं डीसी होताना त्याच्या दुपटीचा, १०० हर्ट्झचा सूर उमटतो. गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला जो जी वाजतो तो ९८ हर्ट्झचा. म्हणजे जी स्केलच्या गाण्यात हा हुम्म जवळजवळ सुरात बसतो, फक्त किंचित चढा. त्याहून वाईट काही नाही. बेसूर असता तर निदान लगेच पकडला गेला असता.

हुम्म दोन वाटांनी येतो. एक हवेतून. पिकअप म्हणजे वेढेच ना, तारेची थरथर पकडतात तशी खोलीतली भटकी चुंबकीय क्षेत्रंही पकडतात. एका वेढ्याचा पिकअप असेल तर खुर्चीत बसल्या बसल्या गिटारसकट हळूहळू गोल फिरा. एका दिशेला हुम्म कमी होईल. तिथंच तोंड करून रेकॉर्ड करा. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावर तोड काढली : उलट वेढ्यांचे आणि उलट चुंबकध्रुवांचे दोन पिकअप शेजारी, म्हणजे हुम्म एकमेकांत कटतो आणि सूर राहतो. तोच हंबकर. पण घरातला खरा आरोपी बहुधा डोक्यावर असतो. पंख्याचा गोल फिरवायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट मधूनच कापतो आणि त्यातून बारीक, चिरकी भुणभुण निघते. पंखा पूर्ण वेगात ठेवा किंवा बंद करा. पायऱ्या-पायऱ्यांच्या नव्या रेग्युलेटरचा हा त्रास नसतो. मोबाइल पेडलपासून लांब.

दुसरी वाट अर्थिंगची, आणि इथं मी जरा तावातावाने बोलतो. पंचवटीतल्या, तिवंध्याकडच्या जुन्या वाड्यांत थ्री-पिनचे बोर्ड आले, पण तिसऱ्या भोकामागची वायर कुठेच गेलेली नसते. भोक शोभेचं. लॅपटॉपचा अडॅप्टर दोन पिनचा असला की त्याच्या गळतीच्या विजेला जायला वाट मिळत नाही. लॅपटॉपचं धातूचं अंग हाताला मुंग्या आणतं आणि यूएसबीच्या वायरीतून ती गळती पेडलला, तिथून गिटारच्या तारांना येते. म्हणूनच तारांना हात लावला की आवाज बदलतो. परीक्षा सोपी आहे : लॅपटॉपचा चार्जर काढा. हुम्म गेला तर गुन्हेगार सापडला. तेवढं गाणं बॅटरीवर रेकॉर्ड करा. उलट पेडल सेलवर चालत असेल तर तेही करून बघा. बॉसचं 'जीटी-१' चार पेन्सिल सेलवर चालतं, आणि सेलवर चालणारं यंत्र भिंतीतल्या विजेशी भांडत नाही.

नव्या सोसायट्यांत अर्थिंग असतं, पण खड्डा कुणी बघत नाही. आपल्याकडे जुन्या पद्धतीचा खड्डा मीठ-कोळशाचा. चैत्र-वैशाखात माती कोरडी पडली की विजेला जमिनीत जायला अडचण होते. खड्ड्यात पाणी घालायचं असतं, एवढी साधी गोष्ट. पार्किंगवर तासभर भांडणाऱ्या मीटिंगमध्ये अर्थिंगच्या खड्ड्याचा विषय मी काढला, तेव्हा अध्यक्षांनी मला चहा दिला. अर्थिंग कसं असावं याचं आपलं भारतीय मानक आहे, आयएस ३०४३. परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ मोजून घ्या. फेज ते अर्थ २३० व्होल्टच्या जवळपास आणि न्यूट्रल ते अर्थ एखाद-दोन व्होल्ट दिसला तर ठीक.

अर्थिंग असूनही हुम्म असेल, तर ती दोन अर्थिंगची भानगड. पेडल एका खोलीतल्या बोर्डावर, लॅपटॉप दुसऱ्या बोर्डावर. दोन ठिकाणच्या अर्थमध्ये थोडा फरक, आणि त्यांना जोडणारी तुमची सिग्नलची वायर. त्या फरकाचा करंट तिच्यातून वाहू लागतो. कारखान्यात आम्ही सेन्सरच्या वायरीवरची जाळी फक्त एका टोकाला अर्थ करायचो, दुसरं टोक टेप लावून मोकळं. याचसाठी. घरी वायरी कापत बसू नका. सगळी यंत्रं एकाच बोर्डाच्या एकाच एक्स्टेंशनवर लावा, पुष्कळदा तेवढ्याने भागतं. मात्र हुम्म घालवायला थ्री-पिनची मोठी पिन मोडू नका. ऑर्केस्ट्रांत हा सर्रास चालणारा 'जुगाड' मी पाहिलाय. आत काही बिघडलं तर ती वीज अर्थऐवजी तुमच्या हातातल्या तारांतून, माइकला टेकलेल्या ओठांतून जाते. हुम्म परवडला.

भाचीच्या बाबतीत पुढची अडचण वेगळीच निघाली. तिने गिटार वाजवून पाठवली, नाशिकरोडच्या तिच्या मैत्रिणीने त्यावर गायचं होतं. मैत्रिणीचा फोन आला, पट्टीच लागत नाही. पेडल सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणारं, मैत्रिणीचं गाणं ४८,००० वर, कारण व्हिडिओवाले ४८,००० वापरतात. चांगलं सॉफ्टवेअर असा फरक आपोआप जुळवून घेतं. पण मध्येच कुठे तरी फाइल न जुळवता नुसती ४८,००० म्हणून वाजली, की सगळं सुमारे नऊ टक्के वेगात पळतं. चार मिनिटांचं गाणं तीन मिनिटं चाळीस सेकंदांत संपतं आणि सूर सुमारे दीड सेमिटोनने चढतो. पांढरी एकमधलं गाणं काळी एक आणि पांढरी दोनच्या मधोमध. पेटीवर त्या पट्टीला पट्टीच नाही! आमचे पेटीवाले काका असते तर भाता बंद करून घरी गेले असते. गाणं सुरू करण्याआधीच सगळ्यांनी एक आकडा ठरवावा, आणि पेडलला एकच आकडा येत असेल तर तोच.

बाकी गोष्टी झटपट. चोवीस बिटवर रेकॉर्ड करा आणि मीटरचा सगळ्यात उंच उसळा उणे बारा डेसिबलच्या आसपास ठेवा. लाल दिव्यापर्यंत नेण्याची टेपच्या जमान्यातली सवय इथं घातक आहे. एका मिनिटाच्या मोनो ट्रॅकला साडेआठ एमबीच्या आसपास जागा लागते, तेव्हा जागेची चिंता नको. सॉफ्टवेअर म्हणाल तर मॅकवाल्यांना गॅरेजबँड फुकट आहे. बाकीच्यांना मी रीपर सांगतो. विनअँप ज्याने लिहिलं त्याच जस्टिन फ्रँकेलचं हे काम. साठ दिवस वापरून बघता येतं आणि जुन्या लॅपटॉपवरही पळतं.

लाइन ६ च्या हेलिक्ससारखी काही यंत्रं दोन वाटा एकाच वेळी पाठवू शकतात : एका ट्रॅकवर तयार आवाज, दुसऱ्यावर कोरी गिटार. कोरी गिटार नंतर पुन्हा पेडलमधून फिरवून वेगळा अँप लावता येतो, याला रीअँपिंग म्हणतात. सोय उत्तम आहे. पण पोरं तिच्या जिवावर निर्णय पुढे ढकलत राहतात. शंभर अँप लावून बघतात, गाणं एकही संपत नाही. मी म्हणतो, आवाज ठरवा, वाजवा, कोरा ट्रॅक बाजूला पडू द्या. आणि तयार आवाजावर सॉफ्टवेअरमधला दुसरा अँप चढवू नका. दोन स्पीकर बॉक्सांतून गेलेली गिटार चिखलात बसते.

पूर्वी नाशिकच्या गायकाला बरं रेकॉर्डिंग हवं असेल तर सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठायची, स्टुडिओचे तास मोजायचे, रात्री परतायचं. अमेरिकेत तेव्हाही घरचं रेकॉर्डिंग होत होतं. टास्कॅमने १९७९ मध्ये कॅसेटवर चार ट्रॅक घेणारं पोर्टास्टुडिओ काढलं आणि ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ चा 'नेब्रास्का' त्यावर घरीच केला. आपल्याकडे आलं ते थेट यूएसबी. पण आमच्या गावाला याचा एक खास फायदा आहे. श्रावण लागला की मंडळांचे ढोल सरावाला बाहेर पडतात, आणि नाशिक ढोल काही खिडकी लावून थांबत नाही. गिटार माइकशिवाय सरळ वायरीतून जात असल्यामुळे खाली पन्नास ढोल वाजत असले तरी ट्रॅकवर एक ठोका येत नाही. भाची त्या गोंगाटात हेडफोन लावून शांतपणे टेक घेते. गाणाऱ्या मैत्रिणीला मात्र माइक लागतो, तिला सराव संपेपर्यंत थांबावं लागतं.

फाइल पाठवतानाही दोन गोष्टी बघा. ट्रॅक गाण्याच्या अगदी पहिल्या मात्रेपासून, आधीच्या चार ठोक्यांसकट बाहेर काढा, गिटार तिसऱ्या कडव्यातच वाजत असली तरी; म्हणजे समोरच्याला तो नुसता शून्यावर ठेवला की बसतो. आणि व्हॉट्सअॅपवर ऑडिओ म्हणून पाठवू नका, ते आवाज दाबून लहान करतं. डब्ल्यूएव्ही फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडा, नावात स्केल, ठेका आणि ४४,१०० की ४८,००० ते लिहा.